विद्यापीठाच्या कुंपणापलीकडचे पाणी : आसपासच्या वस्त्यांसोबत जलसंधारणाचे काम कसे उभारावे

जलसंधारणासाठी काही करायचे असे विद्यापीठाने ठरवले की पहिला कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. २२ मार्चचा जागतिक जलदिन, एक व्याख्यान, विद्यार्थ्यांची फेरी, घोषणा रंगवलेल्या भिंती. आसपासच्या वस्तीतली माणसे ही फेरी दारातून बघतात आणि आत जातात. पाणी जपून वापरावे हे त्यांना कळत नाही असे थोडेच आहे? दिवसाआड पाणी भरून ठेवणाऱ्या घराला ते कुणाहीपेक्षा जास्त कळते. त्यांच्याजवळ नसतात ती काही प्रश्नांची आकड्यांतली उत्तरे. यंदा नेमका किती पाऊस पडला, त्यातला किती जमिनीत मुरला, जलवाहिनीत सोडलेले पाणी वाटेत कुठे जिरते, शेजारच्या बोअरवेलमुळे आपली विहीर किती खाली जाते? आणि ही उत्तरे एका वर्षाची असून भागत नाही. भूजलाचा कल कळायला आठ-दहा वर्षांच्या नोंदी लागतात.

विद्यापीठाची खरी ताकद इथे आहे. स्वयंसेवी संस्थेचा निधी संपतो, अधिकाऱ्यांची बदली होते, लोकप्रतिनिधी बदलतात. विद्यापीठ जागेवरच असते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच आग्रहाभोवती रचल्या आहेत : शेजाऱ्यांसोबत मिळून मोजा, मोजलेले सर्वांसमोर ठेवा आणि मोजणे थांबू देऊ नका. टाक्या, शोषखड्डे, बंधारे हे त्यानंतर.

पायरी १ : आधी आपल्या आवारातले नळ

वसतिगृहे, खानावळी, प्रयोगशाळा, हिरवळी मिळून विद्यापीठ हेच अनेकदा त्या परिसरातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. आवारात दुपारी बाराच्या उन्हात तुषारसिंचन चालू आणि पलीकडच्या गल्लीत पाण्याच्या बचतीवर पथनाट्य, हे चित्र लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

सुरुवात मीटरपासून करा. बऱ्याच ठिकाणी संपूर्ण आवाराला एकच मुख्य मीटर असतो. त्यावरून काहीच कळत नाही. निदान मोठ्या इमारतींना आणि प्रत्येक वसतिगृहाला स्वतंत्र मीटर बसवा. मग सुट्टीच्या काळात, इमारत रिकामी असताना, रात्री दोन आणि पहाटे चार अशी दोन वाचने घ्या. इमारतीत कोणी नाही आणि छतावरची टाकी भरत नाही, तरी काटा पुढे सरकला तर ती गळती. या एका युक्तीने जितके पाणी सापडते तितके वर्षभराच्या जागृतीने सापडत नाही.

गळती नेमकी कुठली ते शोधायला महागडी साधने लागत नाहीत. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटे फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर आतली झडप गळते आहे. ठिबकणाऱ्या नळाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्या : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, अर्थात साधारण २० ते ३० लिटर. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी १३ लिटर किंवा त्याहून जास्त पाणी ओततात. अमेरिकेने १९९२च्या कायद्याने नव्या शौचकूपांसाठी सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली, तिची अंमलबजावणी १९९४पासून सुरू झाली. तिथली कपात कोणी काटकसरीचे धडे घेतले म्हणून झाली नाही. दुकानात मिळणारी वस्तूच बदलली. आपल्या विद्यापीठाच्या खरेदी विभागालाही हा नियम आज लावता येतो.

प्रयोगशाळांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. काचेच्या ऊर्ध्वपातन यंत्रात एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना थंड करण्यासाठी सोडलेले कित्येक लिटर स्वच्छ पाणी सरळ मोरीत जाते. ते पाणी फिरवून वापरणारा छोटा पंप बसवणे हे यंत्र विभागाच्या विद्यार्थ्यांचे एका आठवड्याचे काम आहे.

यापुढची मजल म्हणजे सांडपाण्याचा पुनर्वापर. अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठाने २०१५ मध्ये आवारातलेच सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू केला. वनस्पतींच्या मुळांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा त्यात उपयोग केला होता, क्षमता दिवसाला सुमारे १५ लाख लिटरची होती, आणि शुद्ध झालेले पाणी वातानुकूलन व बाष्पसंयंत्रांकडे वळवले होते. प्रत्येकाला एवढे शक्य नाही. पण आवारात किती बोअरवेल आहेत आणि त्या महिन्याला किती उपसतात, हा आकडा फाटकावरच्या फलकावर लिहिणे प्रत्येकाला शक्य आहे. शेजाऱ्यांना त्यांच्या उपशाचा आकडा विचारण्यापूर्वी आपला आकडा लिहावा.

पायरी २ : प्रश्न त्यांचा असू द्या

१९७०च्या दशकात नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत ‘विज्ञान दुकान’ ही कल्पना रुजली. नागरिकांचा गट आपला प्रश्न घेऊन यायचा, विद्यापीठातला एक समन्वयक तो संशोधनाच्या भाषेत बसवायचा आणि विद्यार्थी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली उत्तर शोधायचे. कल्पना साधी, पण तिने क्रम उलटा केला. एरवी प्राध्यापक विषय ठरवतात आणि मग त्याला साजेशी वस्ती शोधतात.

पाण्यासाठी असा एक कक्ष उघडा. एक ठराविक जागा, एक दूरध्वनी, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस आणि तिथे बसणारी एकच कायम व्यक्ती. दर सत्राला बदलणारा विद्यार्थी प्रतिनिधी तिथे नको. येणारे प्रश्न या तऱ्हेचे असतील : ‘पावसाळा संपून तीन महिने होत नाहीत तोच विहीर का आटते?’, ‘आमच्या टोकाला पाणी पोहोचतच नाही, वाहिनी बारीक आहे की मधे फुटली आहे?’, ‘नवी बोअरवेल घ्यावी का?’ प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तराची तारीख द्या आणि ती पाळा. आवाक्याबाहेरचा प्रश्न असेल तर तसे त्याच आठवड्यात सांगून टाका. लोक नकार समजून घेतात, ताटकळणे विसरत नाहीत.

कोणाकडे ऐकायला जायचे, याबद्दल एक आग्रहाची सूचना. बैठक बोलावली की पुढच्या खुर्च्यांवर बसणारे तेच ते लोक येतात. पाण्याची खरी माहिती असते ती झडप फिरवून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, नळकाम करणाऱ्याकडे, बोअर खोदणाऱ्याकडे आणि घरात पाणी भरणाऱ्या बाईकडे. कोणती झडप अर्धीच उघडते, कोणत्या वळणावर रस्ता कायम ओला असतो हे झडपवाल्याला तोंडपाठ असते. नकाशावर ते कुठेच नसते. त्याच्यासोबत दोन सकाळी फिरणे हे सर्वेक्षणाच्या शंभर अर्जांपेक्षा मोलाचे आहे. अशा माहितीचे मानधन द्या. प्राध्यापकांना सल्ल्याचे पैसे मिळतात, त्यालाही मिळाले पाहिजेत.

पायरी ३ : पाण्याचा ताळेबंद मांडा

कोणतेही बांधकाम करण्यापूर्वी परिसराचा जमाखर्च कागदावर यायला हवा. हद्द ठरवताना प्रशासकीय सीमा बाजूला ठेवा आणि उताराच्या नकाशावरून पाणलोट आखा. पाणी प्रभागाची रेषा ओळखत नाही.

जमेची बाजू एका वाक्यात मावते : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ३०० कोटी लिटर होतात. हा आकडा सभेत सांगितला की लोक चमकतात, पण तिथेच थांबणे फसवे आहे. यातला बराचसा भाग जमीन आणि झाडेझुडपे हवेत परत पाठवतात, काही वाहून जातो आणि उरलेला मुरतो. खर्चाच्या बाजूला पिके, घरगुती वापर, उद्योग, जनावरे आणि बाहेर वाहून जाणारे पाणी येते.

मुरलेल्या पाण्याचा अंदाज विहिरींवरून घेता येतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पातळी मोजायची, वाढीला त्या खडकाच्या विशिष्ट जलक्षमतेने, म्हणजे खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने, गुणायचे. इथे भूशास्त्र विभागाची गरज पडते, कारण हा गुणक जागोजाग वेगळा असतो. समजा पातळी ३ मीटर वर आली. भेगाळ कठीण खडकात गुणक ०.०२ धरला तर मुरलेले पाणी जेमतेम ६० मिलिमीटर पावसाएवढे. वाळूमिश्रित गाळात ०.१५ धरला तर ४५० मिलिमीटर. विहिरीतली तीच वाढ, पण पाण्यात साडेसातपट फरक. ‘पातळी तीन मीटर वाढली’ असे मथळे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

ताळेबंदातले आकडे अंदाजी असतात, तेव्हा ते पल्ल्याच्या रूपात द्या : ‘२० ते ३५ कोटी लिटर’. काटेकोर दिसणारा एकच आकडा दिला आणि पुढच्या वर्षी तो चुकीचा ठरला तर पुढचे दहा आकडे कोणी ऐकणार नाही.

पायरी ४ : मोजणी लोकांच्या हातात द्या

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथे जुलै १९९७ मध्ये अचानक पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस कोसळला आणि काही किलोमीटरवर त्या मानाने फारच थोडा. मोजक्या अधिकृत केंद्रांच्या जाळ्यातून असा पाऊस निसटतो. त्यातून धडा घेऊन तिथल्या कोलोराडो राज्य विद्यापीठातल्या हवामान केंद्राने १९९८ मध्ये नागरिकांचे पर्जन्यमापन जाळे सुरू केले. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा मापक, रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक वाचन, आणि पाऊस नसेल त्या दिवशीही शून्याची नोंद. हे जाळे पुढे देशभर पसरले.

शून्याची नोंद का? कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की नोंदणारा गावाला गेला होता, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही.

परिसरात वीस-पंचवीस मापक पुरतात. मापक झाडे आणि भिंती यांपासून दूर बसवा. अडथळा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे. शाळा, दवाखाने, वाचनालये ही जागा म्हणून चांगली, पण सुट्टीच्या दिवशी वाचन कोण घेणार ते आधी ठरवा.

विहिरींच्या पातळीची मोजणी जरा जास्त शिस्त मागते. पंप काही तास बंद असायला हवा, नाहीतर आपण उपशाने पडलेला खड्डा मोजतो, भूजल नव्हे. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच फीत सोडा. फितीच्या टोकाकडच्या भागाला खडू फासला की कुठपर्यंत ओली झाली ते स्पष्ट दिसते. दोनदा मोजा, दोन वाचनांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. तारीख, वेळ, पंप किती वेळापूर्वी बंद केला, हे तिथल्या तिथे वहीत लिहा. महिन्यातून एकदा पुरे, पण बाराही महिने. उघड्या विहिरीवर एकट्या विद्यार्थ्याला पाठवू नका. दोघे जण आणि दोरखंड हा नियम लेखी असावा.

स्वयंचलित संवेदक बसवावेत का? असल्यास उत्तमच, पण हातमोजणी बंद करू नका. संवेदकाची बॅटरी संपते, त्याचे वाचन हळूहळू सरकत जाते, आणि हे लक्षात यायला हाताने घेतलेली नोंदच कामी येते. शिवाय स्वतः फीत सोडणाऱ्या माणसाचा आकड्यावर जो विश्वास बसतो तो पडद्यावरच्या आलेखावर बसत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यातल्या शिशाचा प्रश्न उजेडात आला तेव्हा व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी नमुन्यांच्या बाटल्या रहिवाशांनाच दिल्या; नमुने लोकांनी गोळा केले, तपासणी विद्यापीठाने केली. प्रश्न बचतीचा नव्हता, गुणवत्तेचा होता. तरीही कामाची ही वाटणी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

नोंदी परत लोकांपर्यंत कशा जातात ते सर्वांत महत्त्वाचे. संगणकावरचे संकेतस्थळ संशोधकांना सोयीचे. वस्तीला चौकातला फलक सोयीचा. दर महिन्याला पाऊस आणि पाच-सहा विहिरींची पातळी, शेजारी गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा. एवढेच.

पायरी ५ : गळती आणि घरगुती वापर

या पायरीचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो, म्हणून लोकांचा उत्साह टिकवायला ती पहिल्याच वर्षी घ्यावी.

केप टाउन शहर २०१७-१८ मध्ये नळ कोरडे पडण्याच्या उंबरठ्यावर होते. त्या काळात जवळच्या स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केलेले स्मार्ट मीटर परिसरातल्या अनेक शाळांच्या नळजोडांवर बसवले गेले. शाळा रात्री रिकाम्या असतात, त्यामुळे रात्रीचा प्रवाह थेट गळती दाखवत होता. मुख्याध्यापकांना आकडा कळला की दुरुस्ती वेगाने होऊ लागली. विद्यापीठांनी शाळांपासून सुरुवात करावी असे मला वाटते ते याचमुळे : एक इमारत, एक जबाबदार माणूस, शेकडो मुलांमार्फत घरोघरी पोहोचणारी गोष्ट.

घरांच्या तपासणीसाठी विद्यार्थ्यांच्या जोड्या तयार करा. एका घरात वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. फ्लशची रंगचाचणी, सगळे नळ बंद करून मीटरकडे दोन मिनिटे पाहणे, आणि नळाखाली दहा सेकंद भांडे धरून आलेले पाणी मोजणे. त्याला सहाने गुणले की मिनिटाचा प्रवाह. नळ मिनिटाला १२ लिटर सोडत असेल तर जाळीदार तोंड बसवून तो निम्म्यावर आणता येतो. जोडीच्या पिशवीत वॉशर, टेप आणि जाळीची तोंडे असू द्या. दोष दाखवून निघून जाणारा पाहुणा कोणाला आवडतो?

सूचनापत्रके छापण्यावर पैसे घालण्यापूर्वी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) २००७चा प्रयोग विचारात घ्या. लाखाहून अधिक घरांचा त्यात समावेश होता. काहींना फक्त बचतीच्या सूचना पाठवल्या. काहींना त्यासोबत त्यांचा वापर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती, हेही कळवले. नुसत्या सूचनांनी वापर एक टक्क्याच्या आसपास घटला, तुलनेसह पाठवलेल्या पत्राने ४.८ टक्के. सर्वांत जास्त पाणी वापरणाऱ्या घरांत घट अधिक होती. काळ गेला तसा परिणाम ओसरू लागला. बिलावर तुलना छापणे पाणीपुरवठा यंत्रणेच्या हातात असते. विद्यापीठ असा प्रयोग आखून देऊ शकते आणि निकाल तटस्थपणे तपासू शकते. पण ज्या वस्तीला मुळातच अपुरे पाणी मिळते तिथे असे तुलनापत्र पाठवू नये. तिथे आधी पुरवठा मोजावा.

पायरी ६ : छपरावरचे पाणी, जमिनीतले पाणी

छपरावरच्या पाण्याचे गणित शाळकरी मुलालाही जमते. ५०० चौरस मीटर छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, आणि २० टक्के तूट धरली तर वर्षाला २.८ लाख लिटर. पहिल्या सरीचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. सुरुवातीचे एक मिलिमीटर, म्हणजे या छपरावरचे ५०० लिटर, बाजूला सोडण्याची सोय हवी. टाकी किती मोठी हवी हे वर्षाच्या बेरजेवर ठरत नाही, दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांवर ठरते. महिनावार आवक आणि वापर मांडून ते काढावे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे करू शकतो आणि परिसरातल्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीसाठी त्याने ते करून द्यावे.

पुनर्भरणाबाबत मात्र हात आखडता घ्यावा, कारण इथे उत्साह अंगाशी येतो. खड्डा कुठेही खणला की पाणी मुरते हा समज खोटा आहे. आधी दुहेरी वलयांची चाचणी घ्या : आतले वलय ३० सेंटिमीटरचे, बाहेरचे ६०चे, दोन्हींत पाणी भरून आतल्या वलयातली पातळी तासाला किती उतरते ते पाहायचे. चिकणमातीत ती मिलिमीटरांत उतरते, वाळूत सेंटिमीटरांत. उथळ भूजल असेल, जवळ शौचालयाचे शोषखड्डे असतील किंवा वाहनतळावरचे तेलकट पाणी येत असेल तर तिथे पुनर्भरण करू नका. बोअरवेलमध्ये न गाळलेले पाणी थेट सोडणे तर कधीच नाही. एकदा दूषित झालेला जलधर, म्हणजे भूजल साठवणारा थर, स्वच्छ व्हायला दशके जाऊ शकतात. रसायनशास्त्र विभागाने पुनर्भरणाच्या आधी आणि नंतर नायट्रेट, क्षार आणि जिवाणू तपासणे हा या कामाचाच भाग मानावा.

आणि गाळ. शोषखड्ड्याचा तळ एक-दोन पावसाळ्यांत गाळाने बंद होऊ लागतो. साफसफाई कोण, कधी, कोणाच्या पैशाने करणार हे लिहून घेतल्याशिवाय खणायला सुरुवात करू नये.

पायरी ७ : शेतीचे पाणी

परिसरात शेती असेल तर पाण्याचा मोठा वाटा तिथेच जातो. जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला लागते. विद्यापीठाने शेतकऱ्यापर्यंत जाण्याची वहिवाट जुनी आहे. अमेरिकेत १९१४च्या कायद्याने कृषी विद्यापीठांशी जोडलेली विस्तारसेवा देशभर उभी राहिली.

शेतकऱ्याला उपयोगी पडणारी सर्वांत स्वस्त सेवा म्हणजे ‘या आठवड्यात पिकाला किती पाणी लागेल’ हा संदेश. त्यासाठी आवारात बाष्पीभवन पात्र ठेवावे. प्रचलित प्रमाणित पात्राचा व्यास १२०.७ सेंटिमीटर आणि खोली सुमारे २५ सेंटिमीटर असते. एका दिवसात पात्रातून ८ मिलिमीटर पाणी उडाले आणि पात्रगुणक (पात्रातल्या घटीवरून जमिनीवरची गरज काढण्याचा गुणक) ०.७ धरला तर संदर्भ गरज, म्हणजे प्रमाण मानलेल्या हिरवळीला लागणारे पाणी, ५.६ मिलिमीटर येते, म्हणजे हेक्टरी ५६ हजार लिटर. त्याला पीक आणि त्याच्या वाढीची अवस्था यांनुसार गुणक लावायचा. शेतकऱ्याला पाठवताना मात्र लिटर किंवा मिलिमीटर नको; त्याच्या पंपाचा प्रवाह एकदा मोजून घ्या आणि ‘आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीन तास’ असे सांगा.

ठिबकबद्दल एक अप्रिय गोष्ट. ठिबकने शेतातला वापर कमी होतो, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो किंवा जास्त पाण्याचे पीक घेतो. पूर्वी पाट भरून दिलेल्या पाण्यातला जो भाग मुरून विहिरीत परत येत होता तोही बंद होतो. परिणामी सगळ्या शेतांवर ठिबक आणि तरीही भूजल खाली, असे घडू शकते. काटकसरीचे यंत्र आले की एकूण वापर उलट वाढतो, ही विसंगती कोळशाबाबत ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये मांडली होती. यात शेतकऱ्याचा दोष नाही. उपशावर मर्यादा ठरलेली नसेल तर वाचलेले पाणी कोणीतरी वापरणारच. म्हणून तंत्रज्ञानाच्या प्रसारासोबत पुढची पायरी घ्यावीच लागते.

पायरी ८ : नियम त्यांनी ठरवायचे, आकडे आपण द्यायचे

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या कामाचे मूळ एका भूजल खोऱ्यात आहे. १९६५ मध्ये पूर्ण केलेला त्यांचा पीएचडीचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनवर होता. अतिउपशाने तिथे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले होते. उपसा करणाऱ्यांनी संघटना केली, कोण किती उपसतो याची माहिती उघड झाली, न्यायालयामार्फत तडजोडी झाल्या आणि उपशावर मर्यादा आली. सामाईक साधन लोक स्वतः सांभाळू शकतात, हा त्यांचा पुढचा सगळा विचार अशा उदाहरणांवर उभा राहिला. पण त्यासाठी सर्वांना मान्य असलेले आकडे, लहान चूक करणाऱ्याला लहान दंड, आणि भांडण सोडवायची जवळची जागा या गोष्टी लागतात.

यातले विद्यापीठाचे काम पहिले. ‘यंदा साठा कमी आहे, इतका उपसा केला तर अमुक महिन्यापर्यंत पुरेल, तितका केला तर त्याआधी दोन महिने संपेल’ असे दोन-तीन पर्याय सभेपुढे ठेवा आणि मागे बसा. कोणी किती घ्यायचे यावर मत विचारले तरी देऊ नका. उद्या मोजणीवरच संशय येईल.

दोन कटकटी आधीच मिटवा. विहीरवार नोंदींची मालकी विहीरधारकाची आहे. त्याच्या संमतीशिवाय नावानिशी आकडा जाहीर होणार नाही, असा लेखी करार करा. दुसरी अधिक अवघड : परिसरातला एखादा मोठा पाणीवापरदार विद्यापीठाला देणगी देणारा असू शकतो. सरासरी आकडे कोणालाही न विचारता प्रसिद्ध होतील, हे कुलगुरूंच्या सहीने पहिल्याच वर्षी ठरवून घ्या. वाद पेटल्यावर ते ठरत नाही.

पायरी ९ : सत्राच्या चौकटीत बसवा

असे उपक्रम सहसा पाण्याअभावी मरत नाहीत, वेळापत्रकामुळे मरतात. पाऊस पडतो तेव्हा परीक्षा असते, विहिरी आटतात तेव्हा सुट्टी. मोजणीची जबाबदारी म्हणूनच विद्यार्थ्यांवर पूर्ण टाकू नये. एक पगारी तंत्रज्ञ आणि वस्तीतले मानधनावरचे नोंदणीदार हा कणा, विद्यार्थी त्याभोवती. विद्यार्थ्यांच्या कामाला क्रेडिट द्या आणि शेवटचे क्रेडिट हस्तांतरणाला ठेवा : पुढच्या तुकडीला क्षेत्रात नेऊन वही, किल्ल्या आणि ओळखी सोपवल्याशिवाय गुण नाहीत. प्राध्यापकांच्या बढतीत शोधनिबंधाइतके वजन या कामाला नसेल तर तरुण प्राध्यापक दोन वर्षांत बाजूला होतील आणि त्यांना बोल लावता येणार नाही.

निधी मागताना देखभालीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. उपकरणांना देणगीदार मिळतात, वॉशर आणि बॅटरीला मिळत नाहीत. ती रक्कम विद्यापीठाच्या नियमित अंदाजपत्रकात असावी.

पायरी १० : परिणाम तपासा

किती कार्यशाळा घेतल्या, किती विद्यार्थी आले हे आकडे वार्षिक अहवालाला शोभतात, पाण्याबद्दल काही सांगत नाहीत. विचारायचे ते हे : समान पावसाच्या दोन वर्षांत विहिरींची उन्हाळ्यातली पातळी कशी बदलली? शाळांचा रात्रीचा प्रवाह किती घटला? दुरुस्त केलेल्या गळत्यांपैकी वर्षभरानंतर किती पुन्हा सुरू झाल्या? चांगल्या पावसाच्या वर्षी सगळेच उपक्रम यशस्वी दिसतात, तेव्हा जिथे काहीच काम केले नाही अशा शेजारच्या पाणलोटातल्या काही विहिरीही पहिल्या दिवसापासून मोजत राहा. तुलना करायला नंतर वेळ मागे नेता येत नाही.

तिसऱ्या वर्षाअखेर एक बैठक केवळ काय बंद करायचे यासाठी ठेवा. न मुरणारे खड्डे, कोणी न वाचणारा फलक, सतत बिघडणारा संवेदक यांची यादी वस्तीतल्या नोंदणीदारांनी करावी आणि विद्यापीठाने ती जशीच्या तशी प्रसिद्ध करावी. त्याच बैठकीत पुढच्या दोन वर्षांचे नोंदणीदार, सुट्टीतले बदली नोंदणीदार आणि कपाटाच्या दुसऱ्या किल्लीचा ठिकाणा ठरवून घ्या.